मोटारीच्या दरवाजाची सैल मूठ आणि आसंजकाचे सामर्थ्य

मोटारीत बसणारा मनुष्य तिच्या ज्या भागाला सर्वांत आधी आणि सर्वांत शेवटी हात लावतो, तो भाग म्हणजे दरवाजाची मूठ होय. एखादा दरवाजा दिवसातून केवळ दहा वेळा उघडला, असे मानले तरी वर्षाकाठी त्याच्या मुठीला ३,६५० हिसके बसतात. इंजिनाची व चाकांची निगा वेळच्या वेळी राखली जाते. परंतु मुठीकडे लक्ष जाते ते ती हातात डुगडुगू लागल्यावरच. अशा वेळी जवळच्या दुकानातून चिकटद्रव्याची एखादी लहानशी नळी आणून दुरुस्ती घरच्या घरी उरकण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे.

बंगळुरूच्या आग्नेय भागातील कोरमंगला ही वसाहत या प्रश्नाच्या अभ्यासाला सोयीची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रमांकित विभाग पाडून तिची आखणी झाली. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले क्रीडाग्राम याच भागात आहे. येथील अनेक मोटारी छपराखाली नव्हे, तर रस्त्याच्या कडेला उभ्या असतात. एप्रिलचे ऊन, सप्टेंबरचा पाऊस आणि डिसेंबरच्या पहाटेचा गारवा ही तिन्ही त्यांच्या मुठींना सोसावी लागतात. येथे केलेली चिकटद्रव्याची दुरुस्ती कधी वर्षानुवर्षे टिकते, तर कधी आठ दिवसांत सुटते. द्रव्य एकच असता हा भेद का पडावा, याचे उत्तर नळीवरील नावात सापडत नाही. ते पृष्ठभागाच्या तयारीत, सांध्याच्या आकारात आणि बलाच्या दिशेत सापडते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. अपघातानंतर किंवा मोटार पाण्यात अडकल्यावर दरवाजाची मूठ हेच बाहेर पडण्याचे साधन असते. म्हणून आसंजकावर कोणते काम सोपवावे आणि कोणते सोपवू नये, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मुठीची रचना

दरवाजावर साधारणपणे तीन निरनिराळे भाग ‘मूठ’ या एकाच नावाने ओळखले जातात. पहिली बाहेरची मूठ. आजच्या बहुतेक मोटारींत ती प्लॅस्टिकची असते. तिचे एक टोक आतल्या चौकटीत टेकूवर फिरते. दुसरे टोक ओढले असता एक तरफ हलते, तरफेला जोडलेली सळई किंवा तार खेचली जाते आणि दरवाजाचा खटका सुटतो. हात सोडताच स्प्रिंग मुठीला मूळ जागी आणते. दुसरी आतली मूठ. ही लहान तरफेच्या स्वरूपात असून तीही तारेने किंवा सळईने त्याच खटक्याशी जोडलेली असते. तिसरा भाग म्हणजे दरवाजा ओढून लावण्याची हातधरणी. तिचा खटक्याशी संबंध नसतो; ती दरवाजाच्या आतील प्लॅस्टिकच्या आवरणावर आणि त्यामागील पत्र्यावर स्क्रूने बसविलेली असते.

मूठ सैल होण्याची कारणेही वेगवेगळी असतात. रस्त्याच्या कंपनांमुळे स्क्रू हळूहळू ढिला होतो. स्क्रू ज्या प्लॅस्टिकच्या पोकळ खुंटीत बसतो तिचे आटे झिजतात, अथवा ती खुंटीच तडकते. मुठीखालची रबरी बैठक वयोमानाने कडक होऊन आक्रसते व मूठ खडखडू लागते. शेवटचे कारण म्हणजे टेकू, स्प्रिंग किंवा तरफ झिजणे अथवा मोडणे. या सर्वांवर एकच उपाय लागू पडत नाही. पहिल्या प्रकारात आसंजकाची गरजच नसते. बाहेरच्या मुठीचा स्क्रू पुष्कळदा दरवाजाच्या कडेला, एका लहान बुचाखाली दडलेला असतो. ते बूच काढून स्क्रू बेताने आवळला की काम होते. रोग न ओळखता औषध देऊ नये, हा नियम येथेही लागू आहे.

चिकटणे म्हणजे काय

दोन वस्तू एकमेकींना चिकटतात त्या मुख्यतः रेणूंमधील आकर्षणामुळे. हे आकर्षण सर्वत्र असते. परंतु त्याचा पल्ला अत्यंत तोकडा, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाएवढा असतो. वरून गुळगुळीत दिसणारे दोन तुकडे एकमेकांवर दाबले, तरी सूक्ष्म उंचवट्यांमुळे ते फार थोड्या ठिकाणी खऱ्या अर्थाने भिडतात. म्हणून मध्ये असा द्रव घालावा लागतो की जो दोन्ही पृष्ठभागांवर पसरेल, खाचखळग्यांत शिरेल आणि नंतर घट्ट होईल. असा द्रव म्हणजे आसंजक होय. पसरण्याची ही क्रिया झाली नाही, तर द्रव कितीही बळकट असला तरी तो निरुपयोगी ठरतो.

अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पानाचा पृष्ठभाग पाण्याला आपल्यावर पसरू देत नाही. थेंब गोळा होऊन घरंगळतो. काही प्लॅस्टिके आसंजकाशी असेच वागतात. दरवाजाची आतील आवरणे पुष्कळदा ज्या पॉलिप्रॉपिलीनची असतात ते या वर्गात मोडते. त्यावर साधे इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारे द्रव्य लावल्यास वाळलेला थर नखाने सोलून निघतो. एबीएस नावाचे प्लॅस्टिक याउलट बऱ्यापैकी चिकटते; नायलॉन मध्यम प्रतीचे असते. कोणते प्लॅस्टिक आहे हे ओळखण्यासाठी तुकड्याची मागील बाजू पाहावी. तेथे कोनी कंसांत पीपी, एबीएस, पीए यांची रोमन आद्याक्षरे पुष्कळदा उमटविलेली असतात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि पीए म्हणजे नायलॉनचा वर्ग. ही दोन-तीन अक्षरे वाचण्याचा श्रम घेतला, तर अर्धे अपयश टळते.

धातूच्या बाबतीत कारखान्यांत एक सोपी परीक्षा वापरतात. स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर पाणी ओतले असता ते अखंड पापुद्र्यासारखे पसरले, तर पृष्ठभाग आसंजकाला योग्य समजावा; पाणी तुटून त्याचे थेंब झाले, तर तेथे तेल, मेण किंवा बोटांचा स्निग्धांश उरला आहे असे समजावे. मोटारीच्या मुठीवर चकाकीसाठी लावलेली पॉलिशे आणि वर्षानुवर्षांचा हाताचा घाम ही याच कारणासाठी आसंजकाची शत्रू ठरतात.

लाखेपासून इपॉक्सीपर्यंत

मूठ चिकटवून बसविण्याची कला भारतात नवी नाही. तलवारीची पोलादी मूठ पात्याच्या शेपटीवर लाख व राळ यांच्या मिश्रणाने बसवीत असत. पोकळ मुठीत हे मिश्रण भरून त्यात तापविलेली शेपटी खुपसली जाई. थंड झाल्यावर ती पक्की बसे, आणि मूठ बदलावयाची असल्यास पुन्हा तापवून मोकळी करता येई. या सांध्यात दोन शहाणपणाच्या गोष्टी होत्या. शेपटी मुठीत खोलवर जात असल्याने चिकटण्याचे क्षेत्र मोठे होते. शिवाय वार करताना येणारे बल मुख्यतः मुठीच्या आकारावरच पडे, लाखेने केवळ पाते हलू न देण्याचे काम करावयाचे असे. सुताराचा सरस, पुस्तकबांधणीची खळ आणि बाभळीचा डिंक ही याच घराण्यातील इतर द्रव्ये. पण ती पाण्याने मऊ होतात, म्हणून घराबाहेरच्या कामास उपयोगी पडत नाहीत.

१९५९ साली फेविकॉल बाजारात आल्यावर सुतारांच्या सरसाची जागा पांढऱ्या कृत्रिम आसंजकाने घेतली. हा आसंजक त्यातील पाणी लाकडात मुरून व हवेत उडून गेल्यावर घट्ट होतो. प्लॅस्टिक किंवा पत्रा पाणी शोषून घेत नाही. त्यामुळे लाकडासाठी उत्तम असलेले हे द्रव्य मोटारीच्या मुठीला निरुपयोगी आहे.

झटपट चिकटणारी द्रव्ये सायनोॲक्रिलेट वर्गातील असतात. १९४२ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर व त्यांचे सहकारी बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना हे संयुग त्यांच्या हाती आले. ते प्रत्येक वस्तूला चिकटते, म्हणून त्या वेळी ते बाजूला ठेवण्यात आले. १९५१ मध्ये त्याच गुणाचे महत्त्व लक्षात आले आणि १९५८ मध्ये ते आसंजक म्हणून विक्रीस आले. पृष्ठभागावरील दमटपणाच्या स्पर्शाने त्याचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन लांबच लांब साखळ्या तयार होतात. काही सेकंदांत द्रव घट्ट होतो. तो थर पातळ व ठिसूळ असतो. रुंद फट तो भरू शकत नाही आणि हिसका सोसण्यातही दुबळा ठरतो.

इपॉक्सी दोन नळ्यांत मिळते. एकीत राळ व दुसरीत कठीणकारक असतो. दोन्ही मिसळल्यावर रेणूंचे त्रिमितीय जाळे विणले जाते. लाख तापविली की वितळते. हे जाळे एकदा बनले की पुन्हा वितळत नाही. ॲराल्डाइट या नावाने स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने हे आसंजक १९४६ मध्ये प्रसिद्धीस आणले. त्याआधी, १९४० च्या दशकाच्या आरंभी, इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रुइन यांनी विमानांचे धातूचे पत्रे जोडणारा रेडक्स नावाचा आसंजक तयार केला होता. पण तो उष्णता व दाब देऊन घट्ट करावा लागे. इपॉक्सी घरातील साध्या तापमानाला घट्ट होते, फट भरून काढते आणि आकसत नाही म्हटले तरी चालेल. मुठीच्या दुरुस्तीस तेच बहुधा योग्य ठरते.

या विद्येचा बंगळुरूशी निकटचा संबंध आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना स्थापन केला. तोच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाला. कोरमंगलापासून काही किलोमीटरवर असलेल्या या कारखान्यात १९५० च्या दशकात व्हॅम्पायर जातीची लढाऊ विमाने बांधली जात. त्यांच्या धडाचा पुढील भाग लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेला असे. त्याच आवारातील धावपट्टीवरून ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजस विमानाच्या रचनेत कार्बनतंतू व राळ यांच्या संमिश्रांचा मोठा वाटा आहे. तात्पर्य, योग्य रीतीने वापरलेले आसंजक विमान पेलू शकते. प्रश्न योग्य रीतीचा आहे.

बलाची दिशा

चिकटलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकविण्याचा प्रयत्न केल्यास सांध्याच्या सर्व क्षेत्रावर बल वाटले जाते. त्या पट्ट्यांची एक कड उचलून सोलण्याचा प्रयत्न केल्यास मात्र सगळे बल त्या कडेच्या एका बारीक रेषेवर एकवटते. लिफाफ्यावरचे तिकीट सरकविता येत नाही. पण त्याचा कोपरा उचलला की ते अलगद निघते. भेद हाच आहे.

एक हिशेब पाहावा. नीट तयार केलेल्या एबीएसच्या पृष्ठभागावर इपॉक्सीने चौरस सेंटिमीटरमागे ५० किलोग्रॅमचे सरकविणारे बल सोसले, असे मानू. दोन सेंटिमीटर लांब व तेवढ्याच रुंद, म्हणजे चार चौरस सेंटिमीटरच्या सांध्याने मग २०० किलोग्रॅम सोसावयास हवेत. परंतु त्याच सांध्याची कड सोलली जाऊ लागली, तर ताठ इपॉक्सी रुंदीच्या दर सेंटिमीटरमागे एक-दोन किलोग्रॅमलाच हार खाऊ शकते. दोनशे किलोग्रॅमचा सांधा दोन-चार किलोग्रॅमवर येतो.

मुठीच्या बाबतीत तरफेचा नियम ही स्थिती आणखी बिकट करतो. दरवाजा लावताना हातधरणीवर ५ किलोग्रॅमचे बल तळापासून १२ सेंटिमीटर अंतरावर पडले आणि तळाची कड टेकूपासून २ सेंटिमीटरवर असली, तर त्या कडेवर येणारे बल ५ गुणिले १२ भागिले २, म्हणजे ३० किलोग्रॅम होते. हात सहज ओढतो. पण सांध्याला सहापट हिसका बसतो. केवळ तळाला द्रव्य लावून परत बसविलेली हातधरणी आठ दिवसांत का सुटते, याचे कारण येथे सापडते. म्हणून बल स्क्रूने किंवा आकाराने पेलावे आणि आसंजकाने ते पसरवावे, हा दुरुस्तीचा पाया मानला पाहिजे. तलवारीच्या मुठीत नेमके हेच साधलेले होते.

ऊन आणि पाऊस

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा सौम्य समजली जाते. तरीही एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सियसपर्यंत जाते. एप्रिल २०१६ मध्ये ते ३९ अंशांपलीकडे गेले होते. बंद मोटार उन्हात तासभर उभी राहिल्यास आतील हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी, कधी त्याहूनही अधिक तापते. गडद रंगाचा पत्रा व मूठ ६० अंशांच्याही वर जाऊ शकतात. साध्या तापमानाला घट्ट झालेले घरगुती इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास आपला ताठपणा सोडू लागते. ते वितळत नाही, परंतु चिवट रबरासारखे होते आणि त्याचे बळ घटते. भर दुपारी उन्हात तापलेल्या मोटारीची मूठ ओढली जाते तो क्षण सांध्याच्या दृष्टीने सर्वांत कठीण असतो. ज्या इपॉक्सीच्या वेष्टनावर उष्णता सोसण्याची मर्यादा अधिक दिली असेल, ते घेणे इष्ट.

पाणी हा दुसरा शत्रू होय. ते चिकटलेल्या थराच्या कडेने आत शिरते, आसंजक व पृष्ठभाग यांच्यामधील आकर्षण मोडते आणि धातू असल्यास गंज निर्माण करते. याचे एक गंभीर उदाहरण विमानविद्येच्या इतिहासात नोंदले गेले आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूकडे निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या छताचा मोठा भाग उड्डाणात उडून गेला व एक परिचारिका मृत्युमुखी पडली. या विमानाच्या पत्र्यांचे सांधे इपॉक्सी भिजविलेल्या कापडाने चिकटवून वर रिव्हेट मारलेले होते. हे कापड थंड ठेवावे लागे. वापरताना त्यावर व पत्र्यावर दव धरले, तर चिकटणे अपुरे राही. सांधे काळाच्या ओघात सुटले, गंज शिरला, जे बल आसंजकाने वाटून घ्यावयाचे ते रिव्हेटांवर पडले आणि त्यांच्या छिद्रांपासून तडे पसरले. पृष्ठभाग कोरडा असणे ही औपचारिक सूचना नाही, हे यावरून ध्यानात येईल. सप्टेंबर हा बंगळुरूचा सर्वाधिक पावसाचा महिना आहे; अशा दिवसांत उघड्यावर, दमट हवेत केलेली दुरुस्ती आरंभापासूनच दुबळी असते.

घरी काय करावे आणि काय करू नये

वरील विवेचनावरून कामाची वाटणी करता येते. हातधरणीच्या स्क्रूचे झिजलेले आटे भरणे, तडकलेली प्लॅस्टिकची खुंटी सांधणे, आणि मुठीभोवतीची शोभेची पट्टी परत बसविणे ही कामे आसंजकाने घरी करता येतात. खडखडणाऱ्या मुठीखाली मात्र कठीण इपॉक्सी घालू नये. तेथे नवी रबरी बैठक बसवावी.

ज्या भागांच्या हालचालीने दरवाजा उघडतो ते भाग चिकटवू नयेत. मोडलेला टेकू, तुटलेली तरफ, सळईची क्लिप, स्प्रिंग आणि खटका यांना नवा भागच हवा. आसंजकाने जोडलेली तरफ दुकानात आणि अंगणात चालेल. पण जेव्हा घाबरलेला मनुष्य सर्व शक्तीने ती ओढील तेव्हा ती हातात येण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. बंगळुरूच्या नागरिकांना याची आठवण करून देण्याची गरज नसावी. सप्टेंबर २०२२ मध्ये अतिवृष्टीने शहराच्या पूर्व व आग्नेय भागांतील अनेक रस्ते जलमय झाले. २१ मे २०२३ रोजी के. आर. सर्कलजवळील भुयारी मार्गात मोटार पाण्यात अडकून एका तरुणीचा अंत झाला. एक मीटर रुंदीच्या दरवाजावर बाहेरून ५० सेंटिमीटर पाणी चढले आणि आत पाणी नसले, तर पाण्याचा दाब सुमारे १२५ किलोग्रॅम भरतो. मुठीकडील कडेवर तो रेटण्यास साठ किलोग्रॅमहून अधिक बल लागते. असा दरवाजा पाणी चढण्याच्या आरंभीच उघडावा लागतो. त्या थोड्या क्षणांत मूठ शंकास्पद असता कामा नये.

दुरुस्तीची कृती

खुंटीचे आटे झिजले असल्यास पुढील क्रम उपयोगी पडतो. काम सावलीत, कोरड्या दिवशी आणि खेळत्या हवेत करावे. दरवाजाचे आतील आवरण काढावयाचे असल्यास मोटारीची माहिती-पुस्तिका आधी वाचावी. काही मोटारींच्या दरवाजांत हवापिशव्यांचे संवेदक असतात. अशा मोटारीचे आवरण जाणकाराकडूनच काढून घेणे बरे. आवरणामागे पाणी अडविणारा पातळ पडदा असतो. तो फाटू देऊ नये आणि शेवटी जसाच्या तसा लावावा.

प्रथम खुंटी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावी. ॲसिटोन वापरू नये. ते एबीएस विरघळविते आणि रंगही उतरविते. मग चिकटावयाचा भाग बारीक काचकागदाने खरवडून मंद करावा, भुकटी झटकावी आणि अल्कोहोलने पुन्हा एकदा पुसावा. यानंतर त्या जागेला बोट लावू नये.

इपॉक्सीच्या दोन्ही नळ्यांतून वेष्टनावरील प्रमाणात द्रव्ये घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मिसळावीत. कठीणकारक जास्त घातल्याने काम लवकर होईल हा समज चुकीचा आहे. रेणूंचे जाळे अपुरे राहते आणि थर कायमचा मऊ राहतो. स्क्रूच्या आट्यांवर मेणाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा अत्यंत पातळ हात द्यावा. ते खुंटीच्या भिंतीला लागू देऊ नये. खुंटीत इपॉक्सी भरून स्क्रू सरळ उभा बसवावा. द्रव्य पक्के झाल्यावर स्क्रू उलटा फिरवून काढता येतो आणि खुंटीत नवे आटे तयार झालेले दिसतात. खुंटी तडकलेली असल्यास बाहेरून काचतंतूंच्या कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून दोन-तीन वेढे द्यावेत. त्यामुळे स्क्रू आवळताना खुंटी पुन्हा फाकत नाही.

पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीनेही पूर्ण बळ येण्यास एक दिवस द्यावा. अशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढल्यास साधारणपणे दुप्पट होतो आणि तेवढेच उतरल्यास निम्मा होतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १५-१६ अंशांवर येते, तेव्हा दोन दिवस थांबणे श्रेयस्कर. तोवर त्या दरवाजाला हात लावू नये.

धातूच्या स्क्रूंचे आटे सुटू नयेत म्हणून मिळणारी द्रव्ये प्लॅस्टिकच्या खुंटीत घालू नयेत. काही प्लॅस्टिके त्यांच्या स्पर्शाने तडकतात. इपॉक्सीच्या कठीणकारकाने कातडीला खाज व पुरळ येऊ शकते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत. सायनोॲक्रिलेट हाताळताना सुती हातमोजे किंवा कापूस वापरू नये. कापसावर ते इतक्या वेगाने घट्ट होते की चटका बसतो व धूर निघू शकतो. बोटे चिकटल्यास ओढून सोडवू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सुटी करावीत. डोळ्यात द्रव्य गेल्यास पाण्याने धुऊन तत्काळ वैद्यांकडे जावे. नळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

चिकटविलेल्या सांध्याची अडचण अशी की तो चांगला आहे की वाईट, हे बाहेरून पाहून कळत नाही. कारखान्यात ध्वनिलहरींच्या उपकरणांनी थराची तपासणी होते. घरी तशी सोय नसते. म्हणून दरवाजा प्रत्यक्ष चालवून पाहणे हीच परीक्षा. ती दरवाजा उघडा ठेवून सुरू करावी. खटका स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवावा आणि आतील व बाहेरील दोन्ही मुठींनी तो सुटतो की नाही हे पाहावे. एखादा ओघळ तरफेवर किंवा तारेवर जाऊन घट्ट झाला असेल, तर तो येथेच उघडकीस येतो. दरवाजा लावून घेतल्यावर तो कळला, तर दरवाजा उघडणे जड जाते. मागील दरवाजांत मुलांसाठी असलेले कुलूप चालू असेल, तर आतील मूठ मुळातच चालत नाही. परीक्षेपूर्वी ते बंद करावे व नंतर हवे असल्यास पुन्हा लावावे.

यानंतर दरवाजा लावून आत एक मनुष्य व बाहेर एक मनुष्य अशा रीतीने वीस-पंचवीस वेळा उघडझाप करावी. प्रत्येक वेळी मूठ आपोआप मूळ जागी परतते का, हातधरणीचा तळ कडेने उचलला जातो का, स्क्रू फिरतो का, हे पाहावे. आठ दिवसांनी आणि एका कडक दुपारीही हीच तपासणी पुन्हा करावी. त्या वेळी कडेला केसाएवढी फट दिसली, तर वरून आणखी द्रव्य ओतू नये. जुन्या मळक्या थरावर नवा थर चिकटत नाही. सांधा सोडवून, खरवडून कामाचा आरंभ पहिल्यापासून करावा, किंवा भाग बदलावा.